चिंचोक्यांचा कौल

“आज या व्यासपीठावर दारिद्र्याच्या प्रश्नाचा कायमचा निकाल लागणार आहे,” असं अप्पासाहेब चौगुल्यांनी दोन्ही हात वर करून जाहीर केलं. माइक बंद होता. त्यामुळे तो निकाल पहिल्या दोन रांगांपुरताच लागला. मग लाउडस्पीकरवाल्याने येऊन कुठलीतरी वायर हलवली, माइकने एक लांब शीळ घातली आणि अप्पासाहेबांनी हात तसेच वर ठेवून पुढचं वाक्य म्हटलं, “फाटकात कुणाची तरी स्कूटर आडवी लागली आहे, ती ताबडतोब काढावी.” हे मात्र गावभर ऐकू गेलं.

स्कूटर माझी होती.

त्या दिवशीच्या दोन वक्त्यांपैकी एक मी, त्यामुळे मला व्यासपीठावरून उतरून, चपला शोधून, चारशे माणसांसमोरून फाटकापर्यंत जावं लागलं. स्कूटर ढकलत आवाराच्या भिंतीशी नेली तर तिथे पिराच्या माळावरच्या गरीब वस्तीतली माणसं उभी होती. साठ-सत्तर तरी असतील. खुर्च्या सभासदांना होत्या, म्हणून ही मंडळी खिडक्यांपाशी जागा धरून होती. त्यांत आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी निलव्वा होती. धुवट हिरवं लुगडं, केसांना तेल. देवाला निघाल्यासारखी आली होती.

“दादा, नीट सांगा हां,” ती म्हणाली.

“सांगतो,” मी म्हणालो.

चौदा वर्षं झाली. आता मी लिहिणं सोडलंय, आणि गावही माझ्याशिवाय बरं चाललंय. पण तेव्हा मी गावच्या दैनिकात ‘वाकडी फूटपट्टी’ नावाचं सदर लिहीत असे आणि लोक मला रस्त्यात थांबवून, काही बोलायच्या आतच हसत. माणसाचं नुकसान करायला एवढं पुरतं.

आमचं गाव पंचगंगेच्या काठचं, यंत्रमागांचं. दिवसरात्र खडखडाट. बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणतो, “इथे झोप कशी लागते तुम्हाला?” त्यावर गावातला माणूस म्हणतो, “माग बंद पडले की जाग येते.” अशा गावात लोकरंजन वाचनालय म्हणून एक संस्था आहे आणि दर एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिथे वाद होतो. एक वक्ता बाजूने, एक विरुद्ध. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते आठ दिवस आधी चिठ्ठ्या टाकून ठरतं. स्वतःचं मत वक्त्याने घरी ठेवून यायचं, असा दंडक.

निकाल चिंचोक्यांवर. वाचनालयाच्या पहिल्या वर्षी कागदाची टंचाई होती, म्हणून मतपत्रिकांऐवजी चिंचोके वाटले. पुढे कागद मुबलक झाला, पण चिंचोके राहिले. आत शिरताना प्रत्येक सभासदाला एक चिंचोका मिळतो. बाहेर पडताना दाराशी दोन तांब्याच्या घागरी असतात, तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला मधोमध भोक. ज्याला हवा त्याला चिंचोका टाकायचा.

आता यातली मुख्य गोष्ट. चिंचोका विषयाला टाकायचा नसतो. भाषणाला टाकायचा असतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण लग्नात आपण कुठल्या पंगतीला बसायचं हे जसं न सांगता कळतं, तसं आमच्या गावात ते कळतं. एका वर्षी ‘माणसाने लग्न करू नये’ हा ठराव दोनशे बारा मतांनी मंजूर झाला. त्यातले बहुतेक बायकोला बरोबर घेऊन आले होते, आणि बायकांनीही तिकडेच टाकले. दारूची बाजू घेऊन जिंकलेला वक्ता आमच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याने जन्मात खोकल्याचं औषधसुद्धा घेतलं नव्हतं.

त्या वर्षीचा विषय ‘प्रत्येकास दरमहा बिनशर्त उत्पन्न मिळाले पाहिजे’ असा होता. गावात त्याला ‘बसून पगार’ म्हणत. विषय हवेतून आला नव्हता, तो मनोहर कुडच्यांनी आणला होता. हे आमच्याच गावचे. अठराव्या वर्षी बाहेर पडले, चाळीस वर्षं जर्मनीत कापडाची यंत्रं बनवली, मूलबाळ नाही. परत आले ते आईच्या नावाने न्यास काढून. त्यांची योजना अशी: पिराच्या माळावरच्या प्रत्येक प्रौढ माणसाला, म्हणजे तीनशे बारा माणसांना, दरमहा दीड हजार रुपये, तीन वर्षं. अर्ज नाही, दाखला नाही, अट नाही. कोण काय करतं ते नुसतं बघायचं.

“फक्त एक आहे,” ते म्हणाले होते. “गावाला नको असेल तर मी देणार नाही. मला कुणावर उपकार लादायचे नाहीत.”

“मग आमचा वाद ऐका,” अप्पासाहेब चौगुले म्हणाले. अप्पासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष, आणि अठ्ठेचाळीस मागांचे मालक. “गावाचं मत तिथे कळेल.”

“उत्तम,” कुडचे म्हणाले. “ऐकून ठरवतो.” आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. ते सगळं लिहून घेत. एकदा माझा एक विनोद त्यांनी लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यातली आकडेवारी तपासायला घरी आले.

बाजूने बोलायची चिठ्ठी प्राध्यापक सुशीला मगदूम यांना आली. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना जे पटलेलं होतं तेच नेमकं बोलायला मिळालं, आणि हे वक्त्याला फार घातक असतं. मला विरुद्धची चिठ्ठी आली. माझं स्वतःचं मत बाजूने होतं. सहा महिन्यांपूर्वी मी त्यावर एक गंभीर लेखही लिहिला होता. तो कुणी वाचला नाही, कारण लोकांना वाटलं त्यात विनोद आहे आणि तो आपल्याला कळत नाही.

वादाच्या आधीच्या मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. कुमुद, म्हणजे माझी बायको, ओट्यापाशी भाजी चिरत होती. निलव्वा पोळ्या लाटत होती.

“दादा, रविवारी तुमी बोलणार म्हणं.”

“बोलणार.”

“आमच्या पैशावर?”

“हो.”

तिने एक पोळी तव्यावर टाकली. “मग माझं एक सांगा तिथं. ते कुडचेसाहेब माळावर इचारत हिंडत हुते, दीड हजार मिळालं तर काय करणार म्हणून. एकजण म्हणला शेळी घेतो. एकजण म्हणली पोरीला क्लास लावते. मी काय बोल्ले न्हाई. लाज वाटली.”

“लाज कसली? काय करणार तुम्ही?”

“झोपणार.”

मी हसलो. ती हसली नाही.

“खरंच सांगते. चारला उठून पाणी भरते. तुमचं घर, मग आणि दोन घरं. दुपारी दोनपासनं कांडीवर.” कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती मशीनवर भरायचं काम आमच्या गावात बायकाच करतात. “दहाला सुटते. मग घरचं. कांडीचं मला महिन्याला तेवढंच पडतंय बघा, दीड हजार, येखाद्या महिन्याला वर-खाली. ते मिळालं की कांडी सोडायची. बाकीची घरं सोडत न्हाई मी. नुसती कांडी सोडायची आन् झोपायचं.”

तिने मनगट पुढे केलं. त्यावर भाजल्याचा लांब डाग होता. आदल्या आठवड्यात आमच्याच तव्यासमोर तिला उभ्या उभ्या डुलकी लागली होती.

“डॉक्टर म्हणला, गोळी देतो पण गोळीनं काय व्हनार न्हाई. झोप पायजे. न्हाईतर कुठंतरी पडशील. आता ह्ये त्या साहेबाला कसं सांगू? झोपणार म्हटलं की लोकास्नी वाटंल आळशी बाई हाय. तुमी जरा चांगल्या शब्दांत बसवा.”

“बसवतो,” मी म्हणालो.

चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. तिला हे सांगायला काहीच हरकत नव्हती. पण मग चिठ्ठ्या, दंडक, चिंचोका कशाला टाकतात, हे सगळंच सांगत बसावं लागलं असतं, आणि चहा निवत होता. कुमुदने सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उघडला.

मगदूमबाई पंचवीस मिनिटं बोलल्या. कागदावरून वाचलं. सगळं खरं होतं. पैसे मिळालेली माणसं कामं सोडत नाहीत, फक्त सगळ्यांत वाईट काम सोडतात, हे त्यांनी चार देशांतले दाखले देऊन सांगितलं. पंधराव्या मिनिटाला पाचव्या रांगेतल्या एका गृहस्थाची मान छातीवर आली. कुडचे तेवढे ताठ बसून लिहून घेत होते.

मग मी उठलो.

“मित्रहो,” मी म्हणालो, “गेली तीस वर्षं मी काहीही काम न करता पैसे मिळवतो आहे. लोक त्याला सदरलेखन म्हणतात. या धंद्यात आता एकदम तीनशे बारा माणसं उतरणार, म्हणून माझा विरोध आहे.”

हशा आला. पाचव्या रांगेतली मान वर आली.

“आणि प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. उद्या ही योजना गावभर झाली तर अप्पासाहेबांनाही दीड हजार. अप्पासाहेब रांगेत उभे राहतील. मधे कुणी घुसलं तर भांडतील. आणि पैसे हातात पडल्यावर म्हणतील, गेल्या महिन्याचे राहिलेत.”

सगळ्यांत मोठ्याने अप्पासाहेबच हसले. ज्याच्यावर विनोद करायचा त्याला त्यात श्रीमंत दाखवावं, मग तो रागावत नाही. हे मला धंद्याने शिकवलं होतं.

दहा मिनिटं असं छान चाललं. मग एका ठिकाणी हशा जरा उतरला. विनोदी वक्त्याला ते कानाआधी पायांना कळतं. माझ्या कागदावर पुढे दुसरं काहीतरी होतं. ते मी बोललो नाही.

“परवाच एका कष्टाळू बाईंना मी विचारलं,” मी म्हणालो, “बाई, दरमहा दीड हजार मिळाले तर काय कराल? शेळी घ्याल? मुलीला शिकवाल? धंदा काढाल? बाईंनी शांतपणे पोळी उलटली आणि म्हणाल्या...”

इथे मी थांबलो. किती थांबायचं ते मला नेमकं माहीत होतं.

“झोपेन.”

छप्पर हललं. मी हात वर केला आणि हशा थोडा ओसरू दिला. “कुडचेसाहेब, तीनशे बारा माणसांना झोपवायला एवढा खर्च कशाला? त्याला आमच्या अप्पासाहेबांचं अध्यक्षीय भाषण पुरेसं आहे, आणि ते फुकट आहे.”

लोक खुर्च्यांवर वाकून हसत होते. मी सवयीने सगळीकडे नजर फिरवली. उजवीकडच्या दुसऱ्या खिडकीत निलव्वा होती. ‘झोपेन’ म्हणताच तिने शेजारणीला कोपराने ढोसलं होतं, हे माझंच सांगतायत म्हणून. तीही हसत होती. मग हशा थांबेना. तिचा थांबला. ती शेजारणीकडे बघायला लागली, मग आतल्या लोकांकडे, मग माझ्याकडे.

शेवटची तीन मिनिटं मी गंभीर बोललो, कारण तशी पद्धत आहे. “द्या, जरूर द्या. पण ज्याला खरी गरज आहे त्याला द्या. त्याने ती दाखवावी, कागदावर सिद्ध करावी, चार माणसांनी तपासावी.” यावर म्हाताऱ्या सभासदांनी माना डोलावल्या आणि टाळ्या बराच वेळ चालल्या.

चिंचोके मोजायला अर्धा तास लागला. दरम्यान फाटकाशी माळावरचा एक माणूस वाचनालयाच्या कारकुनाला विचारत होता, “आमास्नी न्हाई का चिंचोका?”

“सभासदाला असतो.”

“मग पैशे कुणाला मिळणार हुते?”

“तुम्हाला.”

“बरं,” तो माणूस म्हणाला.

माझ्या घागरीत तीनशे अठ्ठेचाळीस निघाले. मगदूमबाईंच्या एकसष्ट. पितळेची फिरती ढाल माझ्या हातात आली. तिच्यावर तारखा कोरलेल्या होत्या आणि माझं नाव आधीच तीनदा होतं. फोटोवाला पुढे झाला. तेवढ्यात कुडचे वही घेऊन आले.

“हळदीकर, तीनशे अठ्ठेचाळीस आणि एकसष्ट. बरोबर?”

“दोनदा मोजलेत.”

“म्हणजे गावाला नको आहे.”

मगदूमबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. “कुडचेसाहेब, आमच्याकडे चिंचोका विषयाला नसतो, तो भाषणाला...”

“बाई,” अप्पासाहेब मधेच म्हणाले, “हरल्यावर असं बोलू नये. शोभत नाही.” आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. बाई लाल झाल्या.

कुडच्यांनी माझ्याकडे तोंड फिरवलं. “तुम्ही सांगा. तुम्ही जिंकलात, तुम्हाला खोटं बोलायचं कारण नाही. ही मतं कशाला आहेत? तुमच्या भाषणाला की योजनेला?”

“साहेब, ढाल जरा वर,” फोटोवाला म्हणाला.

मी ढाल वर धरली. माझ्या तोंडात खरं उत्तर होतं. एका शब्दाचं उत्तर. पण ते बोललो असतो तर त्याचा अर्थ असा झाला असता की एवढी माणसं हसली खरी, पण माझं बोलणं त्यातल्या एकालाही पटलेलं नाही. आणि शिवाय दुसरं वाक्य आधीच जिभेवर येऊन बसलं होतं.

“आता भाषणाला म्हणालो,” मी म्हणालो, “तर आपल्याच तोंडाने आपली स्तुती केल्यासारखं होईल.”

लोक हसले. फ्लॅश उडाला. कुडचे हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला, मग वहीत लिहिलं. “म्हणजे योजनेला. ठीक आहे,” ते म्हणाले. “तुमचा विनय आवडला.” आणि वही मिटली.

तो फोटो वाचनालयात अजून लावलेला आहे. चांगला आलाय.

पायऱ्यांवर मगदूमबाईंनी मला गाठलं. “हळदीकर, आत्ताच्या आत्ता त्यांच्या लॉजवर जाऊ. दोघंही. मी एकटी सांगून पटणार नाही, तुम्ही सांगायला हवं. तुम्ही काय बोललात ते कळलंय ना तुम्हाला?”

“तो विनोद होता, बाई.”

“त्यांना सांगा तसं.”

“सकाळी जाऊ. आत्ता घरी पाहुणे जेवायला यायचेत.”

पाहुणे येणार होते हे खरं होतं. ढाल त्यांना दाखवायची होती हेही खरं होतं.

सकाळी साडेआठला मी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून लॉजवर गेलो. कुडचे साडेसहाच्या पुण्याच्या गाडीने गेले होते. मगदूमबाई रात्रीच एकट्या येऊन गेल्या होत्या. त्यांना ते म्हणाले होते, “विजयी वक्त्याने स्वतः सांगितलंय, बाई. मी तुमच्यासमोरच विचारलं.” मला मॅनेजरने चहा पाजला आणि आदल्या दिवशीच्या भाषणाबद्दल अभिनंदन केलं. खरं सांगायचं तर लॉजच्या पायऱ्या उतरताना मला थोडं हलकं वाटलं.

मी कुडच्यांना पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे केले. तिसरा इतका छान जमला की तो मी सदरात छापला. कुडचे आमचं दैनिक वाचत नसत. त्या पैशांतून पुढे कुठल्याशा शहरात जुन्या यंत्रांचं संग्रहालय झालं, असं कळलं. तिथे म्हणे बटण दाबलं की माग आपोआप चालतो.

त्या सोमवारी लॉजवरून परत आलो तेव्हा निलव्वाच्या पोळ्या अर्ध्यावर आल्या होत्या. रोजच्याच वेळेला आली होती.

“दादा, काल लोकं लई हसली,” ती पाठमोरी म्हणाली.

“हो.”

“मी बी हसले आधी. मला वाटलं चांगलं बोलतायसा.”

मी काहीतरी बोलणार होतो. चिठ्ठ्यांचं सांगणार होतो. ती म्हणाली, “आज किती करू? रात्रीचं पाव्हणं ऱ्हायल्यात का गेलं?”

“गेले,” कुमुद म्हणाली. “नेहमीच्याच करा.”

निलव्वा गेल्यावर मी कुमुदला सगळं सांगितलं. कुडच्यांचा प्रश्न, माझं उत्तर, लॉज. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्हाला अजून वाटतंय की लोकांनी तुमच्या भाषणाला चिंचोके टाकले?”

“म्हणजे?”

“पहिल्या सहा रांगांत सगळे मागवाले होते. बाकीच्या रांगांत त्यांचे कारकून आणि जावई. बायकांनी कांडी सोडली तर त्यांच्या कांड्या कोण भरणार? तुम्ही तिथे नुसते उभे राहिला असतात तरी तेवढेच पडले असते. कुडच्यांनी बरोबर वाचलं.”

“मग ते हसले कशाला एवढे?”

“बरं वाटलं म्हणून.”

या एकूण प्रकरणात मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे. निलव्वाच्या पाठमोऱ्या बोलण्यापेक्षाही जास्त. दोन दिवस मी कुमुदशी नीट बोललो नाही. माझ्या भाषणाने एका वस्तीचं नुकसान झालं, हे मी कसंबसं पचवलं होतं. ते माझ्या भाषणाने झालंच नाही, हे पचेना.

ऑगस्टमध्ये निलव्वा आठ दिवस आली नाही. मग निरोप आला. कांडीच्या मशीनवर संध्याकाळी तिला डुलकी लागली आणि उजवा हात पट्ट्यात गेला. दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं वाकत नाही. कारखाना अप्पासाहेबांचा होता. ते दवाखान्यात स्वतः जाऊन आले, दोन हजार रुपये दिले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “या बायका कामावर झोपतात हो.” ते विनोद म्हणून बोलले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात आम्हाला स्वयंपाकाला दुसरी बाई मिळाली. मिळवावी लागली. कुमुदचे गुडघे दुखत.

दिवाळीनंतर एक दिवस निलव्वा आली. मी पुढच्या खोलीत बसलो होतो. ती दारात उभी राहिली, मी म्हणालो म्हणून खुर्चीवर बसली. पदराखालून तिने प्लॅस्टिकची पिशवी काढली, डाव्या हाताने, आणि टेबलावर उपडी केली. कागद होते.

“सरकारी पेन्शन असतीय म्हणं अपंगाला. फॉर्म भरला. चाळीस टक्के लागत्यात. डॉक्टरानं बत्तीस दिलं.”

मी दाखला पाहिला. बत्तीसच होते.

“दोन बोटं गेली तर बत्तीस?”

“तिसरं लागलेलं हाय म्हणला. गेलं असतं तर बसलं असतं.” तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. “आता परत तपासा म्हणून अर्ज द्यायचा. त्यात सगळं लिवायचं, हात कसा गेला, काय करता येतंय, काय येत न्हाई. आन् खाली गावातल्या मोठ्या माणसाची सही. कचेरीतला शिपाई म्हणला, चांगलं लिवणाऱ्याकडनं लिवून आण. मी म्हटलं, हाय की आमच्याकडं.”

मी कागद घेतला. पेन घेतलं. तीस वर्षं मी एका बैठकीत सदर लिहीत आलो होतो. त्या दिवशी ‘माननीय साहेब’ लिहून थांबलो.

“पोळी लाटता येते?”

“न्हाई.”

“धुणं?”

“पिळता येत न्हाई.”

“दुसरं कुठलं काम?”

“देत न्हाईत. हात बघितला की म्हणत्यात, नंतर ये.”

“घरात कमावतं कोण?”

“भाऊ देतोय थोडं. त्येला बी त्येचं हाय.”

मी लिहीत गेलो. दीड पान झालं. तिची गरज मी कागदावर सिद्ध करत होतो आणि ती समोर बसून माझं पेन कसं चालतं ते बघत होती. आतून नव्या बाईच्या लाटण्याचा आवाज येत होता. निलव्वाने एकदा तिकडे कान दिला.

अर्ज संपत आला तेव्हा ती म्हणाली, “दादा, एक इनंती हाय.”

मी पेन खाली ठेवलं. एप्रिलपासून मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. पाच-सहा वेळा बदललं होतं, शेवटी साधंच ठेवलं होतं. आता ती विचारेल आणि मी ते बोलेन, अशी माझी तयारी होती.

“बोला,” मी म्हणालो.

“तिथला साहेब लई गडबडीत असतोय. मागं माळावरच्या एकाचा अर्ज वाचून त्येला हसू आलं, आन् हसत हसत त्येनं तो तसाच बाजूला ठेवला. अजून तिथंच हाय.” तिने कागदाकडे बोट केलं. “हसू येईल असं काय घालू नकासा, तेवढं.”